कौतुक जरा जास्तच होतं का गं?

गुड्डी,

परवा तू फोनवर विचारलंस आणि मी "ड्युटीवर आहे, नंतर बोलू" म्हणून ठेवून दिला. राग आला नव्हता. एका वाक्यात उरकण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं एवढंच ना, की १२ मे आला की तुम्हा नर्सिंगच्या पोरींना गुलाबाची फुलं, हातात मेणबत्त्या, स्टेजवर "साक्षात देवी" म्हणणारी भाषणं. आणि तिचे बाबा आपल्या हिंगणघाटात जिनिंगमध्ये उभा जन्म रुईची धूळ छातीत घेत राबले, त्यांच्यासाठी कधी कुणी साधी टाळी वाजवली नाही. मग नर्सचंच एवढं कौतुक कशासाठी? तुला ते लागलं. पण बाई, तिचं निम्मं म्हणणं खरं आहे, ते आधी कबूल करू.

माझ्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशी बघ. पेशंटला रक्ताची उलटी झाली की मी नळी लावते, नाडी बघते, आणि खाली ती गुडघ्यावर बसून फरशी पुसते. बरा होऊन घरी जाताना नातेवाईक मला पेढे देतात, तिच्या अंगावरून निघून जातात. गावागावांतल्या आशाताईंचं तर काय सांगू. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, पेपरात फोटो आले. आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच आशाताई मानधनवाढीसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. म्हणून मैत्रिणीशी भांडू नकोस. तिच्या बाबांच्या खोकल्याची चौकशी कर.

उरलेल्या निम्म्याचं मात्र मला वेगळं वाटतं. आपलं कौतुक जास्त होत नाही गं, ते भलत्याच गोष्टीचं होतं.

फवारणीच्या दिवसांतली एक रात्र सांगते. कपाशीवर फवारताना विष लागलेला एक शेतकरी आणला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. आधी त्याचे कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुतलं, कारण विष कातडीतून आत जातच असतं. मग डॉक्टरांनी ॲट्रोपिन सुरू केलं. हे औषध कसं असतं, तुला शिकवलंय. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच फेसात बुडतो, जास्त झालं तर डोकं फिरतं, ताप चढतो, नाडी उधळते. म्हणजे रात्रभर एकच काम, टॉर्च मारून बाहुल्या बघायच्या, स्टेथोस्कोप लावून छाती ऐकायची, नाडी मोजायची, जीभ ओली की कोरडी ते बघायचं आणि वेळ टाकून तक्त्यात लिहायचं.

पहाटे तीनच्या सुमाराला तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. कापूस वेचावा तशी बोटं चालत होती. त्याची बायको म्हणाली, "सिस्टर, हे कायले असं करून राह्यले वो?" अंगाला हात लावला तर कोरडं आणि तापलेलं, नाडी १३० च्या वर. मी डॉक्टरांना उठवलं, औषधाचा वेग कमी झाला. सकाळपर्यंत बोटं थांबली. आठव्या दिवशी तो पायी चालत घरी गेला.

जाताना त्या माउलीने माझे पाय धरले. "देवीसारख्या उभ्या राहिल्या बाई तुम्ही." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण मी देवीसारखी उभी नव्हते गुड्डी. मला बाहुल्या वाचता येत होत्या. वेचणारी बोटं बघून "वातात बडबडतोय, होईल शांत" असं न म्हणता फोन उचलायचा, हे मला शिकवलेलं होतं. तो तक्ता अजून फाईलमध्ये पडला असेल. त्याचं कौतुक कधी कुणी केलं नाही. माझ्या प्रेमळ चेहऱ्याचं मात्र खूप जणांनी केलं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबागची गोष्ट तुला माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, तोही ती काम करायची त्याच रुग्णालयात. १८ मे २०१५ ला ती गेली. मधली साडेएक्केचाळीस वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि तिथल्या नर्सच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. लोक "केवढी ही माया" म्हणतात, आणि माया होतीच. पण तिच्याबद्दलच्या, मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एका साध्या गोष्टीची दखल आहे, की इतक्या वर्षांत तिला बेडसोअर झाला नाही. तो शब्द आपल्या भाषेतला आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दोन-दोन तासांनी बदलायची म्हटलं तर दिवसाला बारा वेळा. साडेएक्केचाळीस वर्षांचे किती होतात, तूच हिशेब कर. मला त्या निकालातलं हे कौतुक सगळ्यात आवडतं, कारण ते काम बघून केलेलं आहे. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सनी संपही केला होता, तिच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या सुरक्षेसाठी. ती गोष्ट भाषणात येत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात "सेवा" हा शब्द फार मोठा आहे. सेगावाचं सेवाग्राम झालं, ते उगाच नाही. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना बापू स्वतःच्या हातांनी मालीश करायचे, हे आपण लहानपणापासून ऐकलंय, आणि मला ते आजही हलवतं. पण त्याच शब्दाने कुणी तुला गप्प बसवायला लागलं, तर ऐकू नकोस. बापूंनी ते काम आपणहून अंगावर घेतलं होतं. तुझ्या वाट्याला रात्री चाळीस खाटा येतील, एक सलाईन संपत असेल, दुसरीकडे बाळंतीण ओरडत असेल. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण तुला पाठ आहे. साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, आयसीयूत एकाला एक. ते परीक्षेपुरतं पाठ करू नकोस.

मी नोकरीला लागले तेव्हा एका खासगी दवाखान्यात होते. नर्स दिनाला आम्हाला शाल आणि श्रीफळ मिळालं, फोटो निघाले. त्या दिवशी माझी सलग दुसरी ड्युटी होती आणि दोन महिन्यांचा पगार थकला होता. विचारायला गेले तर "सिस्टर, तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं?" मी परत फिरले. मला लाज वाटली होती गुड्डी, स्वतःचा पगार मागितल्याची. ती लाज माझ्यात त्या शालीनेच घातली होती, हे कळायला पुढे कैक वर्षं गेली. २०२० मध्ये कोरोनातही तसंच. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता घरमालकीणबाईंनी गॅलरीत येऊन माझ्याकडे बघत थाळी वाजवली. एप्रिलमध्ये त्यांनीच खोली सोडायला सांगितलं. त्यांची भीती मी समजू शकते, घरात म्हातारी माणसं होती. पण थाळीच्या भरवशावर राहायचं नाही, हे मी तेव्हा शिकले.

आणि देवी केलं की चूक झाल्यावर माफी नसते. भंडाऱ्याचं आठवतं ना, ९ जानेवारी २०२१, मध्यरात्र उलटून गेल्यावर रुग्णालयात लागलेली आग. नवजात बाळांच्या कक्षात सतरा बाळं, सात वाचली, दहा गेली. पुढे कारवाई झाली त्यात परिचारिकाही होत्या. दोष कुणाचा, ते मी ठरवणार नाही. त्या आयांसमोर कुठलाच युक्तिवाद टिकत नाही. पण त्या दिवसांत आमच्या ड्युटीरूममध्ये कुणी नीट जेवत नव्हतं. रात्री एकटी असताना असं काही झालं तर मी कुठलं बाळ आधी उचलेन, हाच विचार प्रत्येकीच्या डोक्यात होता.

म्हणून तुला सांगते, पेशंटने हात जोडले तर ते मनापासून घे, त्यात संकोच नको. त्या हातांनीच मला इतकी वर्षं टिकवलं. स्टेजवरचं कौतुकही घे, शाल अंगावर घे. फक्त माईक हातात आला तर खाटा किती आणि नर्स किती, तेवढं एक वाक्य बोल. २०२२ च्या मे महिन्यात सरकारी दवाखान्यांतल्या आपल्या बायका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा लोक म्हणाले, सेवा करणाऱ्यांनी असं करावं का. त्यांना उलट बोलू नकोस. त्यांना एकदा नाईट ड्युटीचं रजिस्टर दाखव.

आणि तुझ्या नागपूरच्या नोकरीचं. पगाराचा आकडा तू सांगितलास, तो कमी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्राने खासगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगारासाठी समिती नेमली होती. तिने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही २०,००० च्या खाली पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तिथे सरकारी नर्सइतका द्यावा, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नाही, पण बोलताना हाताशी असू दे. ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे ठेवायला सांगितली तर देऊ नकोस, झेरॉक्स दे. बॉण्ड किती वर्षांचा आहे, ते विचार.

शनिवारच्या गाडीने ये आणि ते नेमणूकपत्र सोबत आण, सही न करता. आईला वांग्याची भाजी करायला सांगितली आहे. जेवणं झाली की दोघी बसून ओळ न ओळ वाचू.

तुझी,
ताई