घराचे रक्षण

पुढील दारास भक्कम कुलूप आणि मागील दाराची कडी सैल, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहतो. यास्तव प्रथम मागील दार, खिडकीचे गज व छपराची कौले तपासावी. कोयंडा नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला असेल, तर पहारीने सहज उपटतो. तो आरपार नट-बोल्टाने आवळावा. जुन्या घरांतील अडसरही उपयोगी आहे. त्याची टोके भिंतीत शिरतात, म्हणून धक्क्याचा भार कडीवर न पडता भिंतीवर पडतो.

तथापि दाराने चोर केवळ थोपविला जातो. तेवढ्या अवकाशात शेजाऱ्यांस जागे करावे. चाहूल लागताच मुलांस एका खोलीत घ्यावे, आरडाओरड करावी आणि ११२ या क्रमांकावर व पोलीस पाटलास कळवावे.

निर्गम २२:२-३ यांत रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर रक्तपाताचा दोष नाही, परंतु सूर्य उगवल्यावर दोष आहे, असे सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण गरजेहून अधिक इजा करण्याचा देत नाही. म्हणून पळत्या चोरामागे धावू नये. भांडे पुन्हा घेता येईल, जीव नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, आज दिवेलागणीपूर्वी आपापले मागील दार पाहून घ्या.