वर्गात कोणतं रोप ठेवाल: मनी प्लांट की स्नेक प्लांट?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, वर्गासाठी रोप घेताना आपण पानं बघतो. पण आधी विचारा, पाणी कोण घालणार? आणि सुट्टीत काय?

स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. जाड पानांत आणि मातीखालच्या खोडात ते पाणी साठवतं. त्याची पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून दिवसा पाण्याची वाफ कमी होते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत. मे महिनाभर बंद खोलीतही हे रोप तग धरतं. मग हेच घ्यायचं? थांबा. वर्गात तीस मुलं, आणि प्रत्येकाला पाणी घालायचं असतं! माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात. शाळेत हे रोप तहानेनं नाही, लाडानं मरतं.

मनी प्लांटला तहान लागली की पानं मलूल होतात, पाणी मिळालं की पुन्हा ताठ. पहिलीच्या मुलालाही ते कळतं. पेर असलेला तुकडा काचेच्या बाटलीत ठेवा, मुळं फुटताना दिसतात. जास्त पाण्याची भीतीच नाही. आठवड्याला पाणी बदललं की झालं. सुट्टीत मात्र बाटली कोरडी पडते.

म्हणून माझं मत: वर्गात मनी प्लांट, ऑफिसात स्नेक प्लांट. एप्रिलअखेर बाटली एखाद्या मुलाच्या घरी द्या. फक्त पालकहो, दोन्हींची पानं चघळली तर त्रास होतो. तोंडाची आग, उलटी. घरात रांगतं बाळ असेल तर बाटली उंच फळीवर ठेवा.