शार्कची कास्थी आणि कर्करोग : तर्क, प्रयोग व निष्कर्ष

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मुशी किंवा मोरी या नावाने परिचित असलेला शार्क हा कास्थिमत्स्य वर्गातील प्राणी होय. त्याच्या सांगाड्यात हाडे नसतात. तो कास्थीचा, म्हणजेच कूर्चेचा बनलेला असतो. या कास्थीतून कर्करोगविरोधी औषध मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास उद्बोधक आहे.

अर्बुदाच्या वाढीसाठी नव्या रक्तवाहिन्यांची आवश्यकता असते. त्यांची निर्मिती रोखल्यास अर्बुदाची वाढ खुंटेल, असा सिद्धांत ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. कास्थीमध्ये रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिच्यात त्यांना अटकाव करणारा घटक असावा, असा तर्क पुढे आला. १९८३ मध्ये ली व लँगर यांनी बास्किंग शार्कच्या कास्थीचा ग्वानिडीनच्या द्रावणाने अर्क काढला. सशाच्या डोळ्यातील पारपटलावर त्याचा प्रयोग केला असता अर्बुदाकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखली गेली.

मात्र प्रयोगशाळेतील परिणाम म्हणजे औषध नव्हे. १९९० च्या दशकात ‘शार्कला कर्करोग होत नाही’ या प्रचारामुळे कास्थीच्या भुकटीचा व्यापार वाढला. वस्तुतः शार्कमध्येही अर्बुदे आढळली आहेत. शिवाय पोटात घेतलेली प्रथिने पचनात विघटित होतात. ती मूळ स्वरूपात अर्बुदापर्यंत पोहोचणे कठीण असते.

अंतिम निर्णय रुग्णांवरील चाचण्यांनी दिला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत एकाचेही अर्बुद लहान झाले नाही. २००५ मधील ८३ रुग्णांच्या चाचणीतही लाभ दिसला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात शुद्ध अर्क घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १४.४ महिने, तर औषधविरहित द्रव घेणाऱ्यांचे १५.६ महिने होते. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता.

अशा भुकटीवर विसंबून रुग्णाने सिद्ध उपचार लांबविल्यास मोलाचा काळ वाया जातो. दुसरीकडे, उशिरा प्रौढ होणाऱ्या आणि थोडीच पिले देणाऱ्या शार्कच्या संख्येवर मासेमारीचा ताण पडतो. भारताने २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, तर २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली.

फोकमन यांचा सिद्धांत मात्र खरा ठरला. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. सागरही निरुपयोगी ठरला नाही : सायटॅराबीन या रक्तकर्करोगावरील औषधाची प्रेरणा कॅरिबियन समुद्रातील स्पंजातून मिळाली. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही सागरी जीवांतील जैवसक्रिय संयुगांवर संशोधन झाले आहे. तर्क कितीही आकर्षक असला, तरी नियंत्रित चाचणीच्या कसोटीला उतरल्यावरच त्याला औषधाचा दर्जा मिळतो, हाच या इतिहासाचा बोध होय.