मिठावर वसलेलं डेट्रॉईट

डेट्रॉईट म्हटलं की मोटारी आठवणारच. काँक्रीटचा सुरुवातीचा एक मैल रस्ता १९०९ साली इथल्याच वुडवर्ड अव्हेन्यूवर झाला. इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमधली दिएगो रिव्हेराची कारखान्यांची भित्तिचित्रं आवर्जून पाहा. नदीकाठी गेलात तर समोर कॅनडा दिसेल, तोही दक्षिणेला!

या शहराचं आणखी एक धन मात्र वरून दिसत नाही. जमिनीखाली सुमारे अकराशे फुटांवर मिठाचे थर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. रस्त्यांवर टाकायचं मीठ आजही तिथल्या खाणीतून निघतं. भांडुप-मुलुंडची मिठागरं पाहिलेल्यांना याचं नक्कीच नवल वाटेल.

मीठ असं उशाशी असलं, तरी जानेवारीत दारापुढची वाट ज्याची त्यालाच मोकळी करावी लागते. दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी रात्री गोठतं आणि वर नजरेला न दिसणारा थर धरतो. त्याला सगळे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. त्यावर घरोघरी उपाय चालतात. नुसतं गरम पाणी ओतणं सर्वांत वाईट, कारण तासाभरात तिथेच नवा बर्फ तयार होतो. गरम पाण्यात थोडं रबिंग अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब घातले, तर पायरीवरचा पातळ थर सुटतो. पण तो लगेच खराट्याने लोटायला हवा. व्हिनेगर जवळपास वायाच जातं. वाळू किंवा चुलाण्यातली राख बर्फ वितळवत नाही, पण पाय घसरू देत नाही. कडाक्याच्या थंडीत तीच खरी कामाची.

कारण साधं मीठ उणे नऊ अंशांच्या खाली जवळपास हात टेकतं. तेव्हा दुकानातलं कॅल्शियम क्लोराइड आणावं. ते पाण्यात विरघळताना उष्णता सोडतं आणि जास्त थंडीतही चालतं. मीठ टाकायचंच, तर आधी फावड्याने बर्फ काढा आणि मग हात राखून पसरा. वीस फुटी ड्राइव्हवेला कॉफीचा एक मोठा मग मीठ पुरतं. जास्त टाकलं तर काँक्रीटचे पापुद्रे निघतात, हिरवळ जळते, आणि उरलेलं मीठ नदीतून एरी सरोवरात जातं.

सगळ्यांत उत्तम उपाय बिनखर्चाचा आहे: बर्फ पडला की पावलांखाली दबून घट्ट होण्याआधीच तो काढायचा. तेव्हा थंडीत आमच्याकडे उतरलात, तर खरखरीत तळाचे बूट आणा. आणि सकाळी यजमान अंगणात दिसले, की दुसरं फावडं मागून घ्या.