कडुनिंबाचे रोप

मुलांनो, कडुनिंबाचे झाड तुम्ही पाहिले असेलच. उर्दूत त्याला नीम म्हणतात. भर उन्हातही त्याची सावली गार असते.

उन्हाळा संपत आला, की निंबोळ्या पिकून पिवळ्या होतात आणि खाली पडतात. त्या गोळा करा. गर धुऊन बिया सावलीत वाळवा. पण पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. काही आठवड्यांतच त्यांची उगवण्याची शक्ती कमी होते. म्हणून पाऊस सुरू होताच त्या पेरा.

पिशवीला खाली भोके पाडा, नाहीतर पाणी साचून बी कुजते. तिच्यात माती व शेणखत भरा. बी एक सेंटिमीटर खोल लावा. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसेल. पुढच्या पावसाळ्यात रोप मोकळ्या जागी लावा आणि गुरांपासून जपा.