नर्सिंगमध्ये विषय राहिला तर



आपल्या शाळेतून एस.एस.एल.सी. होऊन पुढे पी.यू.सी. सायन्स करणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी आता नर्सिंगकडे वळतात. अलीकडे काही मुलेही वळू लागली आहेत. कोणी बेळगावात शिकते, कोणी सीमेपलीकडे कोल्हापूर-गडहिंग्लजला. दरवर्षी त्यांची नावे आपण या वार्तापत्रात कौतुकाने छापतो. मात्र प्रवेशानंतर त्यांचे काय होते, हे आपण फारसे विचारत नाही.

मागील दिवाळीच्या सुट्टीत अशीच एक माजी विद्यार्थिनी आम्हांला भेटायला आली. दहावीला ती वर्गात दुसरी होती. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "सर, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी राहिली." निकाल लागून दोन महिने झाले होते आणि घरी तिने सांगितलेच नव्हते. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, शिक्षणासाठी पतसंस्थेचे कर्ज काढलेले. शेवटी घरी कळले तेव्हा दोन मते पडली. वडील म्हणाले, पुरे झाले, परत आण, स्थळ बघू. मामांनी मोबाइलवरची जाहिरात दाखवली, 'घरबसल्या ऑनलाइन नर्सिंग डिग्री'. कॉलेज सोडून हेच करावे, खर्चही वाचेल, असे त्यांचे म्हणणे.

आधी मामांच्या म्हणण्याचे बघू, कारण अशा जाहिराती पुष्कळ घरांत पोचल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमावलीत ज्या अभ्यासक्रमांना मनाई आहे, त्यांत नर्सिंग आहे. बारावीनंतर घरी बसून बी.एस्सी. नर्सिंग होत नाही. इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आखला गेला तो जी.एन.एम. होऊन नोंदणी झालेल्या, नोकरीतल्या परिचारिकांसाठी, आणि त्यातही प्रात्यक्षिक चुकत नाही. अमेरिकेतल्या ऑनलाइन नर्सिंग पदव्याही बहुतांशी आधीच परवाना मिळालेल्या नर्सेससाठी असतात. सुई टोचायला मोबाइलवर शिकता येत नाही, एवढे तरी आपल्याला पटायला हरकत नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी होणार नसेल तर त्या कागदाचा नोकरीला उपयोग शून्य. पैसे भरण्याआधी परिषदेकडे चौकशी करावी.

ऑनलाइनचा खरा उपयोग दुसरा आहे. २०२०-२१ च्या टाळेबंदीत तासच मोबाइलवर झाले आणि मुलांना रेकॉर्ड केलेली व्याख्याने ऐकायची सवय लागली. वर्गात न कळलेला भाग रात्री पुन्हा थांबवून थांबवून ऐकता येतो, हे चांगलेच आहे. पण ही मुलगी ऐकत होती, लिहीत नव्हती. तिची वही आम्ही मागितली. सुरुवातीची काही पाने भरलेली, पुढे कोरी.

आता परीक्षेचे स्वरूप समजून घेऊ. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम लागू केला. चार वर्षे, आठ सत्रे. पहिल्याच सत्रात इंग्रजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन येते. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी यांचा विद्यापीठाचा पेपर एकत्र असतो, ७५ गुणांचा, त्यात पहिली ३७ आणि दुसरी ३८. उरलेले २५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. इंग्रजीला ४० टक्के चालतात, पण मुख्य विषयांना लेखी व प्रात्यक्षिक यांत वेगवेगळे ५० टक्के लागतात. दहावीला ३५ वर पास होण्याचा हिशेब डोक्यात ठेवून गेलेल्या मुलांना इथेच पहिला धक्का बसतो.

हजेरीचे गणितही पालकांनी मांडून पाहावे. प्रत्येक विषयाला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, मग कारण काहीही असो. ॲनाटॉमीचे तास ६०, म्हणजे चुकवता येतील फक्त १२. गणपतीला मुलगी चार दिवस आधी येते, गावची जत्रा असते, मावसबहिणीचे लग्न असते, आणि आपणच फोन करून तिला बोलावतो. बारा तास असेच जातात. प्रात्यक्षिकाची हजेरी तर पदवी मिळण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावी लागते.

पण आमच्या या विद्यार्थिनीची हजेरी चांगली होती. तिचे अडले शब्दांपाशी. ती सांगत होती, "सर, मॅडम काय शिकवतात ते चित्रावरून कळतं, पण शब्द लक्षात राहत नाहीत." हे दुखणे आम्हांला ओळखीचे वाटले. आम्ही पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून घेतले. मराठीत ज्याला स्वादुपिंड म्हणतात त्याला हिंदीत अग्न्याशय म्हणतात, हे कळेपर्यंत आम्ही ते दोन वेगळे अवयव समजत होतो! तिच्यापुढे तर पॅनक्रियाज होता.

मराठी शाळेतल्या मुलीला समासाचा विग्रह करता येतो, ही जमेची बाजू आहे. वैद्यकातले पुष्कळसे शब्द ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. हेपॅट म्हणजे यकृत, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, गॅस्ट्र म्हणजे जठर, आर्थ्र म्हणजे सांधा. शेवटी आयटिस आले की दाह, ॲल्जिया आले की वेदना, एक्टॉमी आले की कापून काढणे. मग हेपॅटायटिस म्हणजे यकृतदाह, आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा दाह. हायपोग्लायसेमिया हा शब्द तिला पाठ होत नव्हता. हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे साखर, एमिया म्हणजे रक्तात, असा विग्रह केल्यावर तिने हायपरग्लायसेमियाचा अर्थ न विचारता सांगितला. वहीत तीन रकाने पाडायचे, इंग्रजी शब्द, त्याचे तुकडे, मराठी अर्थ, आणि रोज दहा शब्द लिहायचे. सत्र वीस आठवड्यांचे असते. आठवड्याला सहा दिवस धरले तरी बाराशे शब्द होतात.

औषधाच्या मात्रेच्या उदाहरणांनाही मुली घाबरतात. ते आपले त्रैराशिकच आहे. कुपीत एक ग्रॅम औषध १० मिली पाण्यात विरघळवले आणि रुग्णाला २५० मिलिग्रॅम द्यायचे, तर अडीच मिली. सलाइन ५०० मिली, चार तासांत द्यायचे, आणि एका मिलीला १५ थेंब पडणारा सेट असेल, तर ५०० गुणिले १५ म्हणजे ७५०० थेंब, भागिले २४० मिनिटे. मिनिटाला सुमारे ३१ थेंब. इथे चूक झाली तर गुण जातात एवढेच नाही, पुढे रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. त्यामुळे रीत पाठ न करता समजून घ्यावी.

एका बाबतीत मात्र आपल्या भागातली मुले पुढे आहेत. बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर कन्नड बोलणारी आजी असते, पुढच्या खाटेवर मराठी शेतकरी, त्यापुढे उर्दू बोलणारे कोणी. 'नोवु एल्लिदे?' आणि 'कुठं दुखतंय?' हे दोन्ही सहज विचारता येणे प्रात्यक्षिकात फार उपयोगी पडते. शाळेत कन्नडच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

विषय राहिलाच तर सर्वप्रथम गुणपत्रिका पुढे घेऊन बसावे. गुण लेखीत गेले की प्रात्यक्षिकात, अंतर्गत गुण कमी पडले की विद्यापीठाच्या पेपरात, हे पाहावे. तिच्या बाबतीत प्रात्यक्षिक उत्तम होते, लेखीत दीर्घ उत्तरे अर्धवट होती. राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या सत्रात जाण्याचे आणि पुन्हा परीक्षेला बसण्याचे नियम महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी मागून घ्यावेत, मैत्रिणींच्या सांगण्यावर राहू नये. संपूर्ण अभ्यासक्रम जास्तीत जास्त आठ वर्षांत पुरा करावा लागतो. वडिलांना आम्ही हेच दाखवले. चार वर्षांच्या शिक्षणात एक पेपर राहिला आहे, मुलगी नापास झालेली नाही, हे त्यांना कागदावर पाहिल्यावर पटले. ते फारसे बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "मग कर्ज काढलंय ते फेडायला तीच लागंल."

ती परत गेली. त्या सुट्टीत रोज दोन तास ती शाळेत बसून एकेका प्रश्नाचे उत्तर आधी मराठीत तोंडी सांगायची आणि मग इंग्रजीत लिहायची. पुढच्या परीक्षेत विषय सुटला, काठावर. आता फार्माकॉलॉजी चालू आहे आणि ती अवघड जाते, असे तिने फोनवर आपणहून सांगितले.

चूक आमचीही आहे. निरोप समारंभात आम्ही या मुलांना शुभेच्छा दिल्या, पण पुढे इंग्रजी शब्दांशी गाठ आहे हे सांगितले नाही. विश्वस्त मंडळींना विनंती आहे की शरीररचनेचे तक्ते आणि एक सांगाडा प्रयोगशाळेसाठी घ्यावा, तसेच उन्हाळी सुट्टीत एक वर्गखोली पी.यू.सी. व नर्सिंगच्या माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. त्या मुलीने आपल्या शब्दांच्या वहीची झेरॉक्स शाळेला दिली आहे. ती कार्यालयात ठेवली असून शाळेच्या वेळेत कोणालाही पाहता येईल.