टुल्लू पंप संगणकाला कसा कळणार?

प्रश्न : माझा मुलगा नागपुरातच सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याची बरीचशी प्रॅक्टिकल्स आता संगणकावर होतात. पाणीपुरवठ्याचा प्रोजेक्ट त्याने लॅपटॉपवरच केला, एकही पाइप न बघता. याला शिकणं म्हणायचं का?
– एक पालक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : म्हणायचं, पण ते अर्धंच झालं.

आधी झालेल्या अर्ध्याविषयी. त्याने बहुधा ‘इपानेट’ वापरलं असेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1993 मध्ये काढलेली ही प्रणाली फुकट मिळते. टाकीची उंची, पाइपांची लांबी-व्यास आणि घरांची मागणी भरली, की कुठल्या कोपऱ्यावर किती दाब राहील ते ती सांगते. पूर्वी हेच गणित हार्डी क्रॉस यांच्या 1936 च्या पद्धतीने हाताने सोडवायचे. गल्ल्यांचं जाळं जरा वाढलं की पानंच्या पानं आकडेमोडीत जायची आणि ‘व्यास बदलून बघू’ म्हणायची कुणाची छाती होत नसे.

आता ते क्षणात बघता येतं. पाइपाचा व्यास निम्मा केला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब सुमारे 29 पट होतो. हे सूत्रात लिहिलेलंच असतं. पण सूत्र तोंडपाठ असलेल्या मुलालाही, शेवटचं घर कोरडं पडलेलं पडद्यावर दिसल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. खऱ्या शहरात अशी चूक करून बघता येत नाही. इथे ती दहादा करावी.

मात्र इपानेट नेहमीच्या पद्धतीने चालवलं, तर प्रत्येक घराला हवं तेवढं पाणी मिळालंच असं ते धरून चालतं. पाइप अपुरा पडला की पाणी कमी दाखवण्याऐवजी ते दाब उणे दाखवतं. या उण्याचा अर्थ एवढाच, की धरलेली मागणी इथे पुरी होणार नाही. तो आकडा जसाच्या तसा रिपोर्टात छापणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी तिथेच थांबवून प्रश्न विचारायला हवा.

राहिलेलं अर्धं गल्लीत आहे. पेंच आणि कन्हानचं पाणी आपल्या भागात पोचेपर्यंत ते कसल्या पाइपातून येतं? नव्या लोखंडी पाइपासाठी धरलेला गुळगुळीतपणाचा 130 चा गुणांक पाइप जुना झाल्यावर 100 वर आला, तर घर्षणात जाणारा दाब साठेक टक्क्यांनी वाढतो. आणि भर उन्हाळ्यात चार घरांनी थेट नळाच्या लाइनीला पाणी ओढणारे टुल्लू पंप लावले की पुढच्यांचा नळ नुसता फुसफुसतो. हे संगणकाला कोण सांगणार? पाणी यायच्या वेळी दाब मोजायचं गेज घेऊन जो गल्लीत उभा राहिला, तोच.

अशा समोरच्या खऱ्या प्रश्नापासून शिकायला सुरुवात करण्याची रीत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये डॉक्टरकीच्या शिक्षणात आणली. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठाने 1974 मध्ये स्थापनेपासूनच तिच्यावर इंजिनीअरिंगचं शिक्षण उभं केलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने राज्य सरकारने 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. कॉलेजांनी आपापल्या भागातले पाणी, वीज, शेतीचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, असा त्यामागचा विचार आहे. मला तो मनापासून पटतो. अडचण येते ती वेळेची आणि मार्कांची. अशा प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनाही आधी ठाऊक नसतं, विद्यार्थ्यांबरोबर सकाळी सहाला त्यांनाही गल्लीत जावं लागतं आणि हे काम ठरावीक गुणतक्त्यात बसवायचं कसं, हे विद्यापीठांना अजून नीट जमलेलं नाही.

तोवर घरी एवढं करता येईल. प्रेशर गेज बाजारात मिळतं. टाकीत जाण्याआधीच्या नळाला ते लावा. त्यावरचा 1 किलो म्हणजे साधारण 10 मीटर दाब. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत एकमजली घरांसाठी किमान 7 आणि दुमजली घरांसाठी 12 मीटर सांगितले होते. शेजाऱ्यांशी बोलून एक नोंद सगळे पंप बंद असताना घ्या आणि एक चालू असताना. मग मुलाला त्याच्या इपानेटमध्ये हे दोन्ही आकडे जुळवून दाखवायला सांगा.